थंड पाणी, हलका फ्लॉक आणि मुरवलेला सिलिका: एका हिवाळ्याच्या नोंदी

प्लांट छोटा आहे. ताशी २५ घनमीटर, दिवसाला २० तास, म्हणजे ५०० घनमीटर पाणी. तलावाचं पाणी, तुरटी, क्लॅरिफायर (गाळ खाली बसवायची टाकी), वाळूचे दोन फिल्टर आणि शेवटी क्लोरीन. रात्री दोन ते सहा प्लांट बंद असतो. या हिवाळ्यात तुरटीच्या जोडीला सोडियम सिलिकेटपासून बनवलेला सोल (सिलिकाचे अतिसूक्ष्म कण असलेलं पाणी) वापरून पाहिला. वहीत रोज लिहीत गेलो, तेच इथे जवळपास तसंच उतरवलं आहे. कुणी हे करणार असेल तर त्याची चार पिंपं तरी वाचावीत. आमची पाच वाया गेली.

२८ नोव्हेंबर

कच्चं पाणी १० अंशांवर आलं. गढूळपणा फक्त ८ एनटीयू (गढूळपणा मोजायचं एकक). दिसायला जवळजवळ स्वच्छ, आणि हेच पाणी सगळ्यात त्रास देतं. पावसाळ्यातलं दोनशे एनटीयूचं पाणी परवडलं, त्यात निदान फ्लॉकला (तुरटीनं जमणाऱ्या गाळाच्या पुंजक्यांना) धरायला काहीतरी असतं.

तुरटी ५५ मिग्रॅ/लिटर चालू आहे. फ्लॉक बनतो, पण धुळीसारखा. क्लॅरिफायरच्या काठावर टॉर्च मारली की बारीक कण वरच्या वर तरंगत नाल्याकडे जाताना दिसतात. निवळून येणाऱ्या पाण्याचा गढूळपणा ४.५. फिल्टर एरवी २४ तास चालतो, आता नऊ-दहा तासांत बॅकवॉश (उलटं पाणी सोडून धुणं) मागतो.

आमचे जुने ऑपरेटर काका म्हणाले, "तुरटी वाढव." वाढवली. ७० केली. पाणी आणखी बिघडलं. आमच्या पाण्याची अल्कता (आम्ल पचवायची ताकद) मुळात ६० मिग्रॅ. एक मिग्रॅ तुरटी साधारण अर्धा मिग्रॅ अल्कता खाते. ७० तुरटीनं ३५ गेली, पीएच ६.४ वर आला. परत ५५ वर आणली. दिवस गेला.

३० नोव्हेंबर

जार टेस्ट, म्हणजे प्लांटची छोटी नक्कल बीकरमध्ये. सहा बीकर, प्रत्येकात एक लिटर. मिनिटाला १०० फेऱ्यांवर एक मिनिट, ३० फेऱ्यांवर १५ मिनिटं, मग अर्धा तास शांत. इथून पुढच्या सगळ्या जार टेस्टना हेच वेळापत्रक.

सिलिकेट लागतं एवढंच माहीत होतं, म्हणून कॅनमधलं सोडियम सिलिकेट पाण्यात पातळ करून थेट टाकलं. २, ५, १०, २० मिग्रॅ. काहीही फरक नाही. २० वाल्या बीकरमध्ये पीएच जरा चढला, बस. फ्लॉक तसाच, धूळ.

यात शिकण्यासारखं एकच. कॅनमधलं सिलिकेट पाण्यात गेलं की नुसतं विरघळून जातं. त्याची साखळी, जाळं काही बनत नाही. आधी आम्लानं त्याची अल्कता बरीचशी मारायची, मग ते काही वेळ मुरवायचं, तेव्हा त्याचे बारीक ऋणभारित कण तयार होतात. ते तुरटीच्या फ्लॉकला एकमेकांत बांधतात आणि जड करतात. न मुरवलेलं सिलिकेट टाकणं म्हणजे पाण्यात पाणी ओतणं.

काकांचा प्रश्न रास्त होता. "पॉलिमर मिळतो की तयार. हा उद्योग कशाला?" पॉलिअॅक्रिलामाइड मिळतं, कामही सोपं आहे. पण त्यात उरलेल्या अॅक्रिलामाइडची पिण्याच्या पाण्यातली मर्यादा फार कडक आहे. जागतिक आरोग्य संघटनेचं मूल्य लिटरला ०.५ मायक्रोग्रॅम. ते मोजायची सोय आमच्याकडे नाही. सिलिका मात्र पाण्यात मुळातच असतो. म्हणून हा रस्ता.

२ डिसेंबर

पहिला सोल. कृती नवी नाही. १९३० च्या दशकात शिकागोत जॉन बेलिस यांनी ही पद्धत बसवली, आणि आकडे आजही जवळपास तेच आहेत: सिलिका १.५ टक्के, अल्कता ८५ टक्के मारायची, दोन तास मुरवायचं, मग पातळ करायचं.

आमच्या सिलिकेटच्या कॅनवर सिलिका २८.७ टक्के, सोडियम ऑक्साइड ८.९ टक्के, घनता १.३८. एक लिटर सोलसाठी हिशोब असा आला: १५ ग्रॅम सिलिका म्हणजे ५२.३ ग्रॅम सिलिकेट, आणि ८५ टक्के मारायला ९८ टक्क्यांचं गंधकाम्ल ६.४ ग्रॅम.

आणि मी ६.४ मिली घेतलं.

आम्लाची घनता १.८४ आहे. ६.४ ग्रॅम म्हणजे जेमतेम ३.५ मिली. मी जवळपास दुप्पट टाकलं. अल्कता पूर्ण मेली आणि वर भरपूर आम्ल उरलं. सोल दोन तासांनी पाण्यासारखा स्वच्छ. मला वाटलं, छान जमला. जार टेस्टमध्ये शून्य परिणाम. दुसऱ्या दिवशी सकाळीही तसाच स्वच्छ होता, तेव्हा संशय आला आणि पीएच पेपर बुडवला. लालभडक. इतक्या आम्लात सिलिका दिवसेंदिवस मुरतच नाही, तसाच पडून राहतो.

तेव्हापासून वहीच्या पहिल्या पानावर आम्ल फक्त मिलीमध्ये लिहायचं ठरलं. ग्रॅमचा आकडा खोडून टाकला.

३ डिसेंबर

आज जमला.

३.५ मिली आम्ल आधी २०० मिली पाण्यात हळूहळू सोडलं (आम्ल पाण्यात, कधीही उलट नाही, चष्मा आणि हातमोजे घालूनच). दुसऱ्या भांड्यात ७५० मिली पाण्यात ३८ मिली सिलिकेट. मग चुंबकी ढवळणी जोरात चालू ठेवून आम्ल बारीक धारेनं सिलिकेटमध्ये. वेळ लावला आठ मिनिटं.

सुरुवातीला पाण्यासारखं. साधारण पाऊण तासानंतर भांड्यामागे काळा कागद धरला तर कडेला किंचित निळसर झाक. दीड तासानं ती झाक कागद न धरताही दिसायला लागली, साबणाचं पाणी फार पातळ केल्यावर दिसते तशी. कालच्या फसलेल्या सोलमध्ये ही नव्हती. दोन तासांनी तेवढंच पाणी घालून पाऊण टक्क्यावर आणलं.

बीकरमध्ये तुरटी ४० मिग्रॅ, एका मिनिटानं सोल ०.४ मिली, म्हणजे ३ मिग्रॅ सिलिका. इन्सुलिनची सिरिंज यासाठी उत्तम. मंद ढवळणीच्या चौथ्या मिनिटाला धूळ गोळा व्हायला लागली. दहाव्या मिनिटाला कापसाचे बारके तुकडे असावेत असा फ्लॉक. ढवळणी थांबवली आणि घड्याळ लावलं: सहा मिनिटांत बीकरचा वरचा अर्धा भाग मोकळा. शेजारच्या नुसत्या तुरटीच्या बीकरमध्ये अर्ध्या तासानंतरही धुकं.

अर्ध्या तासानंतरचे आकडे: नुसती तुरटी ५५ ला ४.२ एनटीयू, नुसती तुरटी ४० ला ५.५, तुरटी ४० अधिक सिलिका ३ ला १.१.

काका बीकरकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "पिंपात करून दाखव."

५ डिसेंबर

किती मुरवायचा, हे स्वतः पाहायचं होतं. एकच सोल (१.५ टक्के, पातळ न करता) खोलीत २४ अंशांवर ठेवला, दर काही वेळानं त्यातला थोडा काढून जार टेस्ट.

१५ मिनिटांचा सोल: जवळपास निरुपयोगी. एक तासाचा: बरा, २.३ एनटीयू. दोन तासांचा: १.१. तीन तासांचा: १.०. चार तासांनी सोल सिरिंजमध्ये ओढताना जड लागायला लागला. सहा तासांनी बरणी उलटी धरली तर सांडलं नाही. थिजला होता. बोटानं दाबला की थरथरतो, फुटतो, परत पातळ होत नाही.

घाई म्हणून ३ टक्क्यांचाही करून पाहिला, म्हणजे एकाच पिंपात दुप्पट माल. चाळीस मिनिटांत थिजला, ढवळणीचं चुंबक आतच अडकलं. ते काढायला चमचा लागला. दाट करून जागा वाचवायचा मोह टाळावा. तास गेले तीन.

पातळ केलेला पाऊण टक्क्याचा सोल मात्र दुसऱ्या दिवशीही तसाच चांगला चालला. म्हणजे पातळ करणं ही मुरण्याला लावलेली खीळ आहे. ती वेळेवर लावली नाही तर काय होतं ते पुढे १३ तारखेला आलंच.

७ डिसेंबर

क्रमाची परीक्षा. तुरटी ४०, सिलिका ३, सगळं तेच, फक्त आधी-नंतर बदललं. सिलिका आधी, एका मिनिटानं तुरटी: २.६. दोन्ही एकदम: १.९. तुरटी आधी, एका मिनिटानं सिलिका: १.१. मंद ढवळणी सुरू होऊन पाच मिनिटं झाल्यावर सिलिका: १.८. आमच्या पाण्याला तुरटी आधी, मिनिटभरानं सिलिका. दुसऱ्या पाण्यात हे उलटंही असू शकतं, प्रत्येकानं आपल्या बीकरला विचारावं.

मात्राही पाहिली. १ मिग्रॅला थोडा फरक, २ ला बराच, ३ आणि ४ सारखेच, ६ ला फ्लॉक अजून मोठा पण वर राहिलेल्या पाण्यात हलकी दुधी झाक. ८ ला सरळ बिघाड. ऋणभार जास्त झाला की कण परत एकमेकांपासून पळतात.

३ ठरवली. तुरटीच्या साडेसात टक्के.

९ डिसेंबर

पिंपाची मापं. ३ मिग्रॅ गुणिले ५०० घनमीटर म्हणजे दिवसाला दीड किलो सिलिका. म्हणजे १.५ टक्क्यांचा बरोबर १०० लिटर सोल. आकडे इतके गोल येतात तेव्हा मला कायम शंका येते, म्हणून दोनदा तपासले.

एका घाण्याला (एका वेळी बनवायच्या सोलला): सिलिकेट ३.८ लिटर (५.२ किलो), आम्ल ३५० मिली. पाणी ७६ लिटर पिंपात, २० लिटर आम्लासाठी वेगळं. मुरल्यावर २०० लिटरपर्यंत भर. डोसिंग पंप (सोल मोजून सोडणारा) ताशी १० लिटर, २० तास.

२०० लिटरचं प्लास्टिकचं पिंप, वर लहान मोटरची ढवळणी. काचेचं मोजपात्र सिलिकेटसाठी वापरू नका. मी वापरलं, धुवायला अर्धा तास उशीर केला, आणि त्यावरचा पांढरा थर आता खरवडूनही निघत नाही. सिलिकेट वाळलं की काचच होतं. कॅनच्या झाकणाच्या आट्यांमध्ये वाळलं तर झाकण पान्यानं फिरवावं लागतं आणि तुटलेले तुकडे हाताला कापतात.

१० डिसेंबर

पहिलं पिंप वाया. सिलिकेट पाण्यात सोडलं आणि लगेच पांढरे कण तरंगायला लागले. आम्ल अजून टाकलंही नव्हतं. कॅन खराब आहे असं धरून दुसरा कॅन उघडला, पुन्हा तेच. मग लक्षात आलं की पिंप भरलं होतं धुण्याच्या नळानं, आणि त्या नळाला बोअरचं पाणी आहे. कठीणपणा ४०० च्या आसपास. कॅल्शियम आणि सिलिकेट भेटले की असाच गाळ होतो.

फिल्टरमधून आलेलं पाणी वापरलं. एकही कण नाही. साडेसात किलो सिलिकेट गटारात.

११ डिसेंबर

प्लांटवर पहिला दिवस, पहिला तास, पहिली अडचण. पाइप वाचवायचा म्हणून तुरटीची नळी आणि सोलची नळी टी-जोडानं एकाच तोंडाशी आणली होती. वीस मिनिटांत तोंड बंद. उघडलं तर आत पांढरी गुठळी, खडूसारखी. दोघं पातळ पाण्यात भेटले तर मित्र, दाट अवस्थेत भेटले तर दगड.

सोलची नळी वेगळी काढून वेगवान ढवळणीच्या टाकीच्या बाहेरच्या तोंडाशी नेली. तिथपर्यंत पाण्याला तुरटीनंतर साधारण मिनिट लागतो. आठ मीटर नळी जास्त लागली. ती आधीच लावायची होती.

क्लॅरिफायरमध्ये पाणी अडीच तास थांबतं, त्यामुळे काही बदललं की तीन तास बघत बसायचं, मध्ये हात लावायचा नाही. हे स्वतःला सांगणं सगळ्यात अवघड. चार वाजता निवळलेलं पाणी ४.५ वरून २.० वर.

१३ डिसेंबर

काल दुपारी घाणा शिकाऊ मुलानं केला. दोन तास मुरवला, पंप चालू केला, पण २०० लिटरपर्यंत पाणी भरायला विसरला. १०० लिटरचा दाट सोल तसाच चालू. रात्री दोनला प्लांट बंद झाला, तोपर्यंत बराचसा संपला होता. तळाचा आणि नळीतला राहिला.

सकाळी सहाला पंप चालू केला तर फक्त आवाज. नळी बाहेर काढून वाकवली तर आतून एकसंध दांडा हलतोय असं वाटलं. फूट व्हॉल्व्ह, डोसिंग हेड, दोन्ही नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, सगळं थिजलेलं. पिंपाच्या तळाशी चार बोटं जेली.

त्याला ओरडलो. मग वाटलं, चूक माझीच. पिंपावर खूणच नव्हती, त्यानं काय बघून भरायचं?

सफाई: नळीतला दांडा तारेनं ढकलून काढला. डोसिंग हेडचे भाग कोमट कॉस्टिक सोड्याच्या ४ टक्के पाण्यात बुडवून ठेवले, दोन तासांत बरंचसं विरघळलं, उरलेलं ब्रशनं. सिलिकाची जेली आम्लानं सुटत नाही, कॉस्टिकनंच सुटते. एक डायफ्रॅम खरवडताना मीच फाडला. सुटा भाग शिल्लक होता म्हणून बरं. प्लांट नुसत्या तुरटीवर सात तास.

आता पिंपावर दोन पट्ट्या. निळी १०० वर, लाल २०० वर. पंपाच्या बटणाशी चिठ्ठी: "लाल पट्टी दिसते का?" आणि प्लांट बंद करताना पंप पाच मिनिटं साध्या पाण्यावर चालवून नळी धुवायची.

१५ डिसेंबर

१३ च्या गोंधळानंतर ठरलं की सोल ताजा असावा. रात्रपाळीनं पहाटे चारला घाणा करायचा, सहाला दोन तास पूर्ण, पातळ करून प्लांट चालू. कागदावर सुंदर.

१८ डिसेंबर

तीन दिवस फ्लॉक मरगळलेला. निवळलेलं पाणी ३ च्या वर. पहिल्या दिवशी २.० होतं, तेही मिळत नाही.

मी मात्रा दुप्पट केली. पंप ताशी २० लिटर, म्हणजे ६ मिग्रॅ.

१९ डिसेंबर

फ्लॉक बघून मन भरलं. क्लॅरिफायरच्या मधल्या विहिरीत नखाएवढे गोळे फिरत होते. मोबाइलवर फोटो काढून काकांना दाखवला. त्यांनी फोटो बघितला आणि विचारलं, "फिल्टर किती चालला?"

सात तास. तुरटी एकटी असतानाही नऊ चालत होता.

बॅकवॉशला वाळूवर चिकट थर दिसला, सलग सायीसारखा. जास्तीचा सिलिका फ्लॉकबरोबर खाली बसत नाही, पुढे जाऊन वाळूचं तोंड बंद करतो. मोठा फ्लॉक दिसणं आणि फिल्टर चालणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी पहिल्यावर भाळलो. दोन दिवसांत बॅकवॉशला गेलेलं पाणी मोजलं नाही, मोजायची इच्छाही नव्हती.

मात्रा परत ३ वर. फ्लॉक परत मरगळलेला. मूळ दुखणं तसंच.

२१ डिसेंबर

पिंपातला सोल आणि मी खोलीत केलेला सोल, दोन्ही एकाच जार टेस्टमध्ये शेजारी शेजारी. तेच सिलिकेट, तेच आम्ल, तेच मापं, दोन तास दोघांनाही. खोलीतला: १.२ एनटीयू. पिंपातला: २.९.

तासभर मापं तपासत बसलो. आम्ल पुन्हा मोजलं. अल्कता पाहिली, ठीक. मग पिंपात हात घातला आणि लगेच बाहेर काढला. थर्मामीटर लावला: ७ अंश.

खोलीत २४ अंशांवर दोन तास आणि शेडमध्ये पहाटे ७ अंशांवर दोन तास, हे दोन तास सारखे नाहीत. पिंपातला सोल कच्चा होता, आणि कच्चा असतानाच पातळ केल्यावर त्याचं मुरणं तिथंच थांबत होतं. मी कच्च्या सोलची मात्रा वाढवत होतो. निळसर झाकही नव्हती, पण पहाटे दिव्याखाली कोण बघतंय.

२२ डिसेंबर

घाणा आता रात्री दोनला, प्लांट बंद केल्यावर लगेच. तेव्हा रात्रपाळीच्या हातात दुसरं काम नसतं आणि सहापर्यंत चार तास मिळतात. घड्याळाऐवजी झाक बघायची: पारदर्शक ग्लासात सोल घेऊन मागे काळी फळी, त्यावर टॉर्च. कडेला निळं दिसलं तर पातळ करा. नाही दिसलं तर थांबा, प्लांट नुसत्या तुरटीवर चालू करा, पण कच्चा सोल सोडू नका.

सकाळी दहाला निवळलेलं पाणी १.६. मात्रा ३ च.

२७ डिसेंबर

रात्रीचा सोल पहाटे पाचला दाटायला लागला, सात अंशांवर, म्हणजे लवकर मुरत होता. रात्रपाळीवाल्यानं वेळेत पाणी घातलं म्हणून पिंप वाचलं. खूण, झाक, चिठ्ठी यांपैकी काहीतरी कामाला आलं.

कारण सिलिकेटच्या नव्या कॅनमध्ये. हायड्रोमीटरनं घनता १.३६ आली, १.३८ नाही. म्हणजे माल थोडा पातळ, त्यात अल्कता कमी, आणि आम्ल मात्र आम्ही तेवढंच ३५० मिली टाकत होतो. मारायची होती ८५ टक्के, मेली नव्वदच्या वर, म्हणून सोल लवकर मुरला.

आता दर घाण्याला पातळ करण्याआधी तपासणी: सोल १० मिली, मिथाइल ऑरेंजचे दोन थेंब, एन/५० (ठरावीक पातळ केलेल्या) आम्लानं टायट्रेशन, म्हणजे रंग बदलेपर्यंत आम्ल थेंब थेंब सोडून मोजायचं. ११ ते १२ मिली लागले तर बरोबर (लिटरला ११०० ते १२०० मिग्रॅ अल्कता उरली). काल ७ मिली लागले होते. या कॅनसाठी आम्ल ३३० मिली केलं, ११.५ आले. पाच मिनिटांचं काम आहे. पहिल्या दिवसापासून करायला हवं होतं, पण तेव्हा वाटलं की मोजून टाकलंय तर तपासायचं काय.

४ जानेवारी

आठवडाभर काहीच घडलं नाही. म्हणून फक्त आकडे.

कच्चं पाणी ८ अंश, ७ एनटीयू. तुरटी ४०, सिलिका ३. निवळलेलं १.२ ते १.५. फिल्टरनंतर ०.२ ते ०.३. फिल्टर १९ ते २१ तास. पीएच ६.९.

तुरटी ५५ वरून ४० झाली, म्हणजे दिवसाला साडेसात किलो वाचली. त्याच्या बदल्यात ५.२ किलो सिलिकेट, साडेसहाशे ग्रॅम आम्ल, आणि एका माणसाचा रोजचा दीड तास. बचतीसाठी हे कुणी करू नये, हिशोब फारसा जमत नाही. आमचा फायदा फिल्टरमध्ये झाला. दिवसाला दोन-तीन बॅकवॉशचा एक झाला आणि रात्री फोन येणं थांबलं.

१७ जानेवारी

तलावात वरून गढूळ पाणी आलं, एका दिवसात ६० एनटीयू. सवयीनं सिलिका चालूच ठेवला. जार टेस्टमध्ये नुसत्या तुरटीचा आणि सिलिकाचा फरक जेमतेम, १.४ विरुद्ध १.२. तुरटी मात्र ५० लागली. मात्रा २ वर आणली, चार दिवसांनी पाणी उतरल्यावर परत ३.

९ फेब्रुवारी

पाणी १६ अंशांवर. जार टेस्ट: तुरटी ४० एकटी १.५, सिलिकासह १.१. फिल्टरवर तीन दिवस सोल बंद ठेवून पाहिलं, १८ तास चालतो. दीड तासाच्या कामासाठी दोन तासांचा फिल्टर, नको.

११ फेब्रुवारी

सोल बंद. पिंप त्याच दिवशी धुतलं, उद्यावर टाकलं असतं तर तळाला काच झाली असती. नळ्या कॉस्टिकच्या पातळ पाण्यानं, मग साध्या पाण्यानं दोनदा. डोसिंग हेड खोलून कोरडं करून पिशवीत, सोबत नवा डायफ्रॅम. सिलिकेटचा अर्धा कॅन उरला, झाकणाच्या आट्या पुसून ग्रीस लावून ठेवला.

पिंपावरच्या निळ्या-लाल पट्ट्या शिकाऊ मुलानं पुसायला घेतल्या होत्या. राहू दे म्हटलं. काकांनी त्यांच्या खाली खडूनं लिहिलं: "पाणी १० च्या खाली गेलं की काढा."